ग्रामपंचायतीसाठी स्पीकर घेताय? वॅट नंतर बघा, आधी शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका

ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते. पुढच्या दोन रांगांना नावं कळतात. मागं पिंपळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि कडेला व्हरांड्यात बसलेल्या बायकांना नुसता घुमणारा आवाज येतो. महिन्याभराने कुणी पंचायतीत जाऊन विचारलं, की उत्तर मिळतं, "ग्रामसभेत वाचून दाखवलं होतं की!" वाचलं होतं हे खरं असतं. पण ऐकू आलं नव्हतं, हेही तितकंच खरं असतं.

म्हणून ग्रामपंचायत कार्यालयासाठी स्पीकर घेणं ही गाणी वाजवण्यापुरती गोष्ट नाही. गावाचे पैसे कुठं खर्च होणार, कुणाचं नाव यादीत आलं, कर किती वाढला, हे सगळ्यांच्या कानापर्यंत जाण्याचं ते साधन आहे. तरीही बऱ्याच ठिकाणी खरेदी होते ती खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा आणि स्पीकरवरचे रंगीत दिवे बघून. मग १५ ऑगस्टला तो दणदणीत वाजतो आणि ग्रामसभेत शब्दच कळत नाहीत. असं का होतं आणि घेताना काय बघायचं, ते इथं एकेक करून समजून घेऊ.

आधी काम ठरवा, मग वस्तू

पंचायतीत स्पीकरची साधारण तीन कामं असतात.

पहिलं, कार्यालयातलं. सकाळी भक्तिगीतं, आकाशवाणीच्या बातम्या, दाखल्यासाठी थांबलेल्या लोकांना थोडं संगीत. खोली लहान, माणसं दहा-पंधरा. याला अगदी छोटा स्पीकर पुरतो.

दुसरं, झेंडावंदन, जयंती, शाळेतला किंवा अंगणवाडीतला कार्यक्रम. इथं राष्ट्रगीत, राज्यगीत वाजवायचं आणि चार भाषणं व्हायची. जागा उघडी, माणसं पन्नास ते दीडशे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रामसभा. तीन-तीन तास बोलणं चालतं, मध्येच वीज जाते, लोक प्रश्न विचारतात, दोघं एकदम बोलायला लागतात. इथं संगीताचा काही संबंध नाही. इथं शब्द कळला पाहिजे.

तिन्ही कामं एकाच वस्तूकडून करून घ्यायची असतील तर निवड तिसऱ्या कामासाठी करावी. ज्या स्पीकरवर बोलणं स्वच्छ कळतं, त्यावर गाणंही चांगलं वाजतं. उलटं मात्र होतंच असं नाही. गाण्याला दणका देणाऱ्या स्पीकरवर बोलणं बऱ्याचदा घुमतं.

बाजारात काय काय मिळतं?

छोटा ब्लूटूथ स्पीकर : हातात मावणारा, साधारण ५ ते २० वॅटचा. कार्यालयातल्या खोलीसाठी उत्तम. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होतो. बहुतेकांना माईक जोडायची सोय नसते. ग्रामसभेला याचा उपयोग नाही.

गाणी भरलेला प्लेअर : सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ५ हजार जुनी गाणी भरलेला 'कारवां' आणला, तेव्हापासून हा प्रकार घराघरात माहीत झाला. रेडिओसारखं बटण फिरवलं की गाणं सुरू. नेट लागत नाही, मोबाईल लागत नाही. पंचायतीच्या शिपायाला किंवा वयस्कर माणसाला वापरायला सोपा. पण हाही खोलीपुरताच. साध्या मॉडेलवर माईक लावून सभा घेता येत नाही.

ट्रॉली स्पीकर : चाकं आणि ओढायची दांडी असलेला, आत बॅटरी, सोबत एक किंवा दोन माईक, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथची सोय. आज पंचायती, बचत गट, भजनी मंडळं हाच जास्त घेतात. एकाच डब्यात सगळं येतं ही त्याची सोय. मात्र याच प्रकारात भपका जास्त आणि फसगतही जास्त. स्वस्त मालात खर्च दिव्यांवर आणि खोक्यावर झालेला असतो, आतला स्पीकर आणि माईक साधाच असतो.

अँप्लिफायर आणि भोंगा किंवा कॉलम : मंडपवाल्यांकडे असतो तो संच. लहान अँप्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. भोंग्यावर गाणं कर्कश वाटतं, पण बोलणं लांबपर्यंत कळतं. कॉलम म्हणजे एका उभ्या पेटीत एकावर एक बसवलेले छोटे स्पीकर. कॉलमचा आवाज वर-खाली वाया न जाता समोर जास्त जातो, म्हणून सभागृहाला तो चांगला. हा संच दिसायला साधा, पण दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी हमखास सापडतो.

वॅटचं गौडबंगाल

खोक्यावर मोठ्या अक्षरात वॅटचा आकडा असतो. त्याच्यापुढं काय लिहिलंय ते बघायचं.

'आरएमएस' लिहिलं असेल तर तो स्पीकर सतत, न फाटता, साधारण तेवढी ताकद देऊ शकतो असा अर्थ. 'पीएमपीओ' लिहिलं असेल तर तो क्षणभरासाठी कागदावर काढलेला आकडा. त्याला कुठलं एक ठरलेलं माप नाही. त्यामुळे काहीशे, अगदी काही हजार पीएमपीओ छापलेला डबा प्रत्यक्षात दहा-वीस वॅटचा निघू शकतो. दुकानदाराला सरळ विचारायचं, "आरएमएस किती?" सांगता आलं नाही तर माहितीपुस्तिका उघडायला लावायची.

दुसरी खात्री बॅटरीवरून करता येते. ट्रॉली स्पीकरमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असेल तर १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-तास ऊर्जा तिच्यात साठते. स्पीकर खरोखर सतत १०० वॅट खात असेल तर ही बॅटरी तासाभरातच संपेल. पण खोक्यावर लिहिलेलं असतं '८ तास बॅकअप'. म्हणजे ते ८ तास सरासरी दहा वॅटच्या आसपास वापर धरून काढलेले आहेत. दोन्ही दावे एकाच वेळी खरे होत नाहीत. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर करता येतो.

आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हाही गैरसमज आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो थोडाच जास्त वाटतो. कानाला दुप्पट वाटावा म्हणून साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून २० वॅटचा चांगला स्पीकर ४० वॅटच्या सुमार स्पीकरपेक्षा सरस ठरू शकतो. माहितीपुस्तिकेत 'सेन्सिटिव्हिटी' किंवा 'कमाल आवाज' असं डेसिबलमध्ये लिहिलेलं असेल तर तो आकडा वॅटपेक्षा जास्त कामाचा.

लांब गेलं की आवाज कसा उतरतो?

उघड्या जागेत एक साधा हिशोब लागू पडतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो.

समजा स्पीकर १ मीटरवर १०० डेसिबल देतो. मग २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२ आणि १६ मीटरवर ७६ डेसिबल. दोन माणसं समोरासमोर नेहमीच्या आवाजात बोलतात ते साधारण ६० डेसिबल असतं. म्हणजे १६ मीटरवर बसलेल्याला हा आवाज नीट ऐकू येईल.

आता छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या. तो १ मीटरवर ८५ डेसिबल देत असेल तर १६ मीटरवर ६१ उरतात. सभेतली कुजबुज, पोरांचा कालवा, रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर यातच तो आवाज बुडून जातो. बोलणं कळायला ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण १० ते १५ डेसिबल तरी वर असावं लागतं.

१६ मीटर हे अंतर उगाच धरलेलं नाही. ग्रामसभेच्या गणपूर्तीला गावातल्या एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. १०० माणसं दहा-दहाच्या रांगेत सतरंजीवर बसली, पुढं टेबलाची जागा सोडली, तर शेवटची रांग बारा ते पंधरा मीटरवर जाते. म्हणून पंचायतीचा स्पीकर १५ मीटरवर स्वच्छ ऐकू आला पाहिजे, हे माप डोक्यात ठेवून बाजारात जायचं.

मोठा आवाज वेगळा, स्पष्ट आवाज वेगळा

"पाच हजार" आणि "सात हजार" हे दोन आकडे मोठ्याने म्हणून बघा. 'पाच' आणि 'सात' यांत 'आ' सारखाच आहे. फरक आहे तो 'प', 'च', 'स', 'त' या व्यंजनांचा. 'आठ' आणि 'साठ' यांत तर फरक फक्त एका 'स'चा. ही व्यंजनं बारीक, उंच आवाजाची असतात. स्वर मात्र जाड आणि जोरकस असतात.

स्पीकरचा बेस वाढवला की स्वर फुगतात आणि व्यंजनं त्याखाली दबतात. लांबच्या माणसाला 'आ... आ...' एवढंच ऐकू येतं. घरपट्टी साठ रुपयांनी वाढली की आठ रुपयांनी, हे कळत नाही. आवाज मोठा असूनही काही समजत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

म्हणून सभेच्या वेळी तीन गोष्टी करायच्या. बेसचं बटण कमी. ट्रेबलचं बटण मध्यापेक्षा थोडं वर. आणि 'इको'चं बटण पूर्ण शून्यावर. इको हे कराओके गाण्यासाठी दिलेलं असतं. बोलताना ते चालू राहिलं तर एक शब्द दुसऱ्यावर चढतो. स्पीकर घेताना ही तिन्ही बटणं वेगवेगळी आहेत का, आणि माईकचा आवाज गाण्यापासून वेगळा कमी-जास्त करता येतो का, हे बघून घ्यावं.

माईक : निम्मा खेळ इथंच

चांगल्या स्पीकरला भंगार माईक लावला तर आवाज भंगारच येतो. ट्रॉली स्पीकरसोबत फुकट मिळणारा माईक बऱ्याचदा कच्चा असतो. वेळ पडली तर स्पीकरचं बजेट थोडं कमी करून एक चांगला वायरचा माईक वेगळा घ्यावा.

बिनतारी माईक घ्यायचा तर 'यूएचएफ' प्रकारचा बघावा. त्याच्यात शक्यतो चॅनेल बदलायची सोय असावी, म्हणजे शेजारी दुसऱ्या कार्यक्रमात तोच चॅनेल चालू असला तरी भांडण होत नाही. माईकचे सेल ऐन सभेत संपतात, म्हणून एक जादा जोडी टेबलाच्या खणात ठेवावी. आणि बिनतारी कितीही भारी असला तरी वायरचा एक माईक हाताशी असावाच.

माईक दोन हवेत, हा मुद्दा नीट लक्षात घ्या. एक टेबलावर, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यासाठी. त्यांना गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात. दुसरा लोकांमध्ये फिरवायला. मागच्या बाईने उभं राहून प्रश्न विचारला आणि तो पुढं ऐकूच आला नाही, तर इतिवृत्तात तो यायचा कसा? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, तिथंही माईक बायकांच्या हातात गेला पाहिजे. बोलायची सवय नसलेल्या माणसाला ओरडून बोलणं अवघड जातं. हातात माईक आला की तोच माणूस शांतपणे दोन वाक्यं बोलतो.

माईक तोंडापासून चार बोटं लांब धरायचा. जाळी मुठीत झाकायची नाही. चालू आहे का बघायला फुंकर मारायची नाही, टपल्या मारायच्या नाहीत, नुसतं बोलायचं.

शिट्टी का वाजते?

माईकमध्ये स्पीकरचाच आवाज शिरला की तो पुन्हा स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणि शिट्टी सुरू होते. त्यात माईकचा दोष नसतो, जागेचा असतो. स्पीकर टेबलाच्या पुढं, लोकांकडे तोंड करून ठेवायचा. माईक नेहमी स्पीकरच्या मागच्या बाजूला राहिला पाहिजे. फिरता माईक स्पीकरच्या समोरून नेताना आवाज थोडा कमी करायचा.

स्पीकर जमिनीवर ठेवला तर पहिली रांगच आवाज अडवते, कारण व्यंजनांचे बारीक आवाज माणसांच्या अंगात मुरतात. स्टँड नसेल तर टेबलावर, पण बसलेल्यांच्या डोक्याच्या वर स्पीकर यायला हवा. एवढ्याने, एक रुपया खर्च न करता, मागं फरक पडतो.

दोन भोंगे लांब लांब लावले तर वेगळीच पंचाईत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक भोंगा दुसऱ्यापेक्षा ३४ मीटर जास्त लांब असेल तर त्याचा आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोहोचतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. दोन स्पीकर असतील तर टेबलाच्या दोन बाजूंना, एकाच रेषेत, जवळजवळ ठेवावेत.

गाणी, राष्ट्रगीत आणि मोबाईलची रिंग

झेंडावंदनाला ब्लूटूथवर मोबाईल जोडलेला असतो आणि राष्ट्रगीत चालू असताना कुणाचा तरी फोन येतो. कधी मध्येच जाहिरात वाजते. राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं असतं, पण तेवढ्या वेळात सगळ्यांचीच मान खाली जाते. यावर उपाय सोपा आहे. राष्ट्रगीत, आणि २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा', या दोन्ही फाइल पेन ड्राइव्हवर घालून ठेवायच्या आणि त्यावरूनच वाजवायच्या. फाइलच्या नावापुढं ०१, ०२ असे आकडे घातले की बहुतेक प्लेअरवर त्या क्रमाने लागतात. आदल्या दिवशी एकदा वाजवून बघायचं. मोबाईलच वापरायचा असेल तर फाइल आधी उतरवून ठेवायची, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि मग ब्लूटूथ चालू करायचं.

पेन ड्राइव्ह लागला नाही अशी तक्रार बरेचदा येते. स्वस्त प्लेअरना 'फॅट ३२' प्रकारे फॉरमॅट केलेला, ३२ जीबीपर्यंतचाच पेन ड्राइव्ह वाचता येतो. ८ जीबीचा भरपूर झाला. एक मिनिटाचं साधं एमपी३ गाणं साधारण १ एमबी धरलं तरी त्यात हजारभर गाणी आरामात बसतात. व्हॉट्सअॅपवरची व्हॉइस नोट मात्र वेगळ्या प्रकारची फाइल असते, ती अशा प्लेअरवर बहुधा वाजत नाही. तिला एमपी३ करून घ्यावं लागतं.

ब्लूटूथची मजल उघड्यावर साधारण १० मीटर. मध्ये भिंत किंवा माणसं आली की कमी. शिवाय बऱ्याच स्पीकरना कुणाचाही फोन जोडला जातो, सभेत एखाद्या पोराने जोडला की गंमतच. सभेच्या वेळी ब्लूटूथ बंद करून माईकवरच ठेवावं.

कार्यालयात रोज गाणी लावायची असतील तर एक पथ्य पाळावं. खिडकीवरच्या म्हातारबाबांना लिपिकाचं बोलणं दोनदा विचारावं लागत असेल तर आवाज जास्त आहे असं समजायचं. स्पीकर खिडकीजवळ न ठेवता लोक बसतात त्या बाकाकडे ठेवावा.

बॅटरी : कपाटात मरते ती

ग्रामसभा वर्षाला किमान चार. बऱ्याच गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. स्पीकर तेवढाच बाहेर निघतो. २६ जानेवारी ते १ मे म्हणजे तीन महिन्यांच्या वर. २ ऑक्टोबर ते २६ जानेवारी म्हणजे जवळपास चार महिने. सभा संपली, बॅटरी उतरलेली, आणि स्पीकर तसाच कपाटात. लेड अॅसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतून खराब होते आणि पुन्हा पूर्ण चार्ज धरत नाही. स्पीकर वापरून कमी आणि पडून जास्त खराब होतात, ते असे.

म्हणून एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा : सभा झाली की त्याच दिवशी चार्ज, आणि नंतर दर महिन्याच्या १ तारखेला चार्ज. लिथियम बॅटरी पडून राहायला जरा बरी, पण तीसुद्धा पूर्ण उतरवून ठेवू नये.

घेताना विचारायचे प्रश्न असे. चार्जिंगला लावलेला असताना स्पीकर चालतो का? बाहेरून १२ व्होल्टची बॅटरी जोडायची सोय आहे का? आतली बॅटरी बदलून मिळते का, कुठं? १२ व्होल्टची लेड अॅसिड बॅटरी जड असते, पण तालुक्याच्या दुकानात मिळते आणि साधा मेकॅनिकही बदलून देतो. अनोळखी कंपनीचा लिथियम पॅक गेला तर जोडीचा मिळवताना दमछाक होते.

चार्जरवर आणि लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघावं. 'बीआयएस केअर' या सरकारी अॅपवर तो क्रमांक टाकला की खरा की खोटा ते कळतं. दप्तर आणि संगणक असलेल्या खोलीत रात्रभर चार्जिंगला राहणारी वस्तू आहे ती, एवढी काळजी हवीच.

दुकानात करायची चाचणी : वीस ओळींची

दुकानात गाणं लावून स्पीकर पसंत करायचा नाही. गाणं कुठल्याही डब्यावर बरं वाटतं. त्याऐवजी असं करा.

घरून निघताना एका कागदावर वीस ओळी लिहून न्या. प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक आकडा. आठ, साठ, पाच, सात, पन्नास, पंचावन्न असे फसवे आकडे मुद्दाम घाला. दोघं-तिघं मिळून जा. त्यात एक वयस्कर माणूस आणि एक महिला सदस्य असावी. स्पीकर दुकानाबाहेर काढायला सांगा. एकाने माईकवरून नेहमीच्या आवाजात कागद वाचायचा. बाकीच्यांनी वीस पावलं लांब जायचं, म्हणजे साधारण १५ मीटर, आणि पाठ करून उभं राहून ऐकलेलं लिहायचं. मग कागद ताडून बघायचा.

वीसपैकी अठरा-एकोणीस ओळी बरोबर आल्या तर स्पीकर घ्यायच्या लायकीचा. चौदा-पंधरा आल्या तर तो गाण्याचा डबा आहे, सभेचा नाही. दुसऱ्या स्पीकरसाठी ओळींचा क्रम बदलून तीच चाचणी करा. बाजारपेठेतल्या रस्त्यावर गोंगाट असतो, त्यामुळे तिथं कळलं तर गावात कळेलच. त्यानंतर आवाज पूर्ण वाढवून अर्धा मिनिट बोला. आवाज फाटत असेल, पेटी थरथरत असेल, तर तो स्पीकर सोडून द्या.

ऑनलाइन घेणार असाल तर ही चाचणी गावातच करा, पण परत करायची मुदत संपायच्या आत. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. आणि नंतर दुरुस्तीला वस्तू कुठं न्यायची, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

बिल आणि नोंद

पैसा गावाचा आहे, तेव्हा पक्कं बिल ग्रामपंचायतीच्या नावावर, तारीख, मॉडेल क्रमांक आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावं. खरेदीची पद्धत आणि मर्यादा काय, दरपत्रकं लागतात का, सरकारच्या 'जेम' पोर्टलवरून घ्यायचं का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून आधीच समजून घ्यावं. दरपत्रक मागवताना नुसतं 'स्पीकर १ नग' असं लिहू नये. आरएमएस वॅट, माईक किती आणि कुठले, बॅटरी किती एएच, वॉरंटी किती, हे लिहावं. नाहीतर तीन दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंचे भाव देतात आणि सगळ्यात स्वस्त वस्तू गळ्यात पडते.

वॉरंटी स्पीकरची वेगळी आणि बॅटरी-माईकची वेगळी असू शकते, ते कार्डावर वाचून घ्यावं. आल्यावर जडवस्तू नोंदवहीत नोंद करावी, पेटीवर पंचायतीचं नाव रंगाने लिहावं.

आणि वापरायला द्यायचा नियम पहिल्याच मासिक सभेत ठरवावा. भजनाला, शाळेला, बचत गटाला द्यायचा का? वहीत सही घ्यायची का? हळदीच्या नाचाला मात्र देऊ नये. आवाज पूर्ण वाढवून फाटेपर्यंत वाजवला की स्पीकरची कॉइल तापते आणि जळते. मग पुढच्या ग्रामसभेला पुन्हा मंडपवाल्याच्या दारात जावं लागतं.

आवाजाचे नियम पंचायतीलाही आहेत

ध्वनी प्रदूषण नियम २००० मध्ये आले. त्यानुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत ऐकण्यापुरता आणि सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी याला अपवाद आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, तिथं मर्यादा आणखी कमी. गावात पंचायत, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र बऱ्याचदा एकाच आवारात असतात, म्हणून स्पीकरचं तोंड लोकांकडे असावं, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या खिडकीकडे नाही.

थोडक्यात, दुकानात जाण्याआधी

- शेवटची रांग किती मीटरवर बसते ते मोजा.
- पीएमपीओ सोडून आरएमएस विचारा, बॅटरीचा गुणाकार करा.
- बेस, ट्रेबल, इको आणि माईक यांची बटणं वेगळी आहेत का बघा.
- माईक दोन घ्या, त्यातला एक तरी वायरचा.
- बॅटरी आणि दुरुस्ती तालुक्यात होते का विचारा.
- वीस ओळींची चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.
- दर महिन्याच्या १ तारखेला चार्ज करायची जबाबदारी एका माणसाला नाव घेऊन द्या.

स्पीकर आला की पहिल्या ग्रामसभेत सरपंचांनी विषय सुरू करण्याआधी मागं बघून विचारावं, "मागच्यांनो, शब्द कळतोय का?" आणि मागून "नाही" आलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत पहिला ठराव वाचू नये. गावकऱ्यांनीही नुसती मान डोलावू नये. ऐकू आलं नाही तर हात वर करून सांगावं, कारण त्यानंतर जे काही मंजूर होतं ते सगळ्यांच्या नावाने मंजूर होतं.